गोव्यात रस्त्याखालून केबल टाकायची असेल तर आधी रस्त्याचा मालक शोधा

या कामात नव्यानं पडलेला माणूस पालिकेत जातो आणि रस्ता खोदाईचा अर्ज कुठं मिळतो ते विचारतो. अर्ज मिळतो, तो भरून देतो, आवक शिक्का मारून घेतो आणि निर्धास्त होतो. काही आठवड्यांनी कळतं की रस्ता पालिकेचा नाहीच, सार्वजनिक बांधकाम खात्याचा (साबांखाचा) आहे. मग साबांखाच्या कार्यालयात धाव. तिथला अभियंता नकाशा बघून सांगतो, वळणापर्यंतचा आमचा, पुढचा पंचायतीचा. एवढ्यात मे उजाडतो आणि खोदाईच बंद होते. गोव्यात केबलची कामं रखडतात ती बहुतेक वेळा अशी. कुणी मुद्दाम अडवून धरलं म्हणून रखडलेलं काम त्या मानानं कमी बघायला मिळतं.

छोटे इंटरनेट पुरवठादार, केबलचालक, टेलिकॉम कंपन्यांची उपकंत्राटं घेणारे आणि त्यांच्याकडे परवानग्यांच्या फायली सांभाळणारी नवी मुलंमुली, यांच्यासाठी हे लिहितो आहे. नळजोडणी किंवा भूमिगत वीजजोडणीसाठी घरासमोरचा रस्ता आडवा कापावा लागणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

पहिली पायरी: रस्ता कुणाचा?

राज्य एवढंसं, पण रस्त्यांचे धनी पुष्कळ. पणजीची एक महानगरपालिका, तेरा नगरपालिका, १९१ ग्रामपंचायती. त्यांच्या हद्दीतून साबांखाचे रस्ते जातात. पत्रादेवीहून पोळ्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, पणजी-फोंडा-मोले-अनमोड हा ७४८ आणि वास्कोकडे जाणारा ५६६, या तिघांची जमीन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची. देखभाल साबांखाचा राष्ट्रीय महामार्ग विभाग बघतो, म्हणून अर्ज त्यांच्याकडे द्यायचा. पण फाईल मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जाते. तिला लागणारा वेळ पालिकेच्या हिशेबानं धरू नका.

शहराच्या हद्दीत आहे म्हणजे रस्ता पालिकेचाच, हा नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. मडगाव, म्हापसा, फोंडा इथले वाहतुकीचे मुख्य रस्ते साबांखाकडे असू शकतात आणि पालिकेकडे असतात ते प्रभागातले आतले रस्ते, गल्ल्या, बाजाराच्या बोळी. पणजीत स्मार्ट सिटीच्या कामांमुळे आणखी एक पाहुणा घरात आला. तिथं महापालिका, साबांखा आणि स्मार्ट सिटी कंपनी या तिघांनाही विचारावं लागतं, कारण रस्ता एकाचा आणि त्याखाली नुकताच घातलेला डक्ट (केबल ओढायचा पाइप) दुसऱ्याचा, असं होतं.

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये इथल्या औद्योगिक वसाहतींत पंचायतीच्या आधी गोवा औद्योगिक विकास महामंडळ. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत मंडळ. मुरगाव-वास्कोच्या काही भागात बंदर प्राधिकरणाची जमीन. रूळ ओलांडायचा असेल तर आधी तो कोकण रेल्वेचा की दक्षिण पश्चिम रेल्वेचा ते बघा. मडगाव परिसरात दोघांचेही रूळ आहेत. साळावली, तिळारी, अंजुणे यांचे कालवे जलस्रोत खात्याचे. नदीपात्राखालून जायचं तर कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं. रेल्वे आणि नदी यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. मार्ग बदलून त्या टाळता आल्या तर दोनशे मीटर केबल जास्त लागली तरी चालेल.

आता खरी गोव्याची गोष्ट. पंचायतीनं हॉटमिक्सिंग केलं म्हणजे जमीन पंचायतीची झाली असं नाही. वाड्यावर जाणारा डांबरी रस्ता प्रत्यक्षात भाटकाराच्या (जमीनदाराच्या) भाटातून किंवा कोमुनिदादीच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या, जमिनीतून जात असतो. पूर्वी पायवाट होती, मग रिक्षा जाऊ लागली, मग आमदारनिधीतून डांबर पडलं. सर्व्हे नकाशावर मात्र आजही ती अखंड खासगी जमीन आहे. म्हणून एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाच्या नावावर ते सांगणारा) आणि सर्व्हे प्लॅन काढल्याशिवाय पुढं सरकू नका. शहरी भागात सर्व्हे नंबरऐवजी पी. टी. शीट (शहरी सर्व्हेचा नकाशा) आणि चलता नंबर (त्यातल्या प्लॉटचा क्रमांक) लागतो. अर्जात चलता नंबर नसला की पालिकेचा तांत्रिक विभाग फाईल परत पाठवतो.

एक उदाहरण घेऊ. म्हापशातून आसगावच्या एखाद्या वाड्यापर्यंत फायबर न्यायची आहे. सुरुवातीची गल्ली म्हापसा पालिकेची. तिथून मुख्य रस्त्याला लागलात की साबांखा. आसगावात आतल्या रस्त्याला वळलात की पंचायत. शेवटचे ऐंशी मीटर, जिथं तुमचं गिऱ्हाईक राहतं, ते उताऱ्यावर कुणा तिघा भावंडांच्या नावावर आणि त्यातला एक पोर्तुगालात. एका केबलला चार परवानग्या लागल्या आणि त्यातली शेवटची सरकारी नाही. असा मार्ग पायी चालून जा, एका लांब कागदावर काढा आणि धनी बदलेल तिथं रंग बदला. हा रंगीत कागद फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवा. कनिष्ठ अभियंता तुमचा अर्ज नंतर वाचतो, आधी हा कागद बघतो.

दुसरी पायरी: तुम्ही कोणत्या कायद्याखाली मागताय?

दूरसंचारासाठी आता दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे (राइट ऑफ वे, म्हणजे वाहिनी नेण्याच्या हक्काचे) २०२४ चे नियम लागू आहेत. ते १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. त्याआधी १८८५ च्या तार कायद्याखालचे २०१६ चे नियम होते. छोट्या कार्यालयांत अजून जुन्या परिपत्रकावर बोट ठेवलं जातं. वाद घालत बसू नका, नव्या नियमांची छापील प्रत अर्जाला जोडा आणि संबंधित नियमांवर खूण करून द्या.

या नियमांचा लाभ अधिकृत परवानाधारकाला मिळतो. म्हणजे इंटरनेट सेवेचा परवाना, टेलिकॉमचा परवाना किंवा डक्ट आणि डार्क फायबर (टाकलेली पण अजून न वापरलेली फायबर) उभारणाऱ्यांची आयपी-वन नोंदणी यांपैकी काहीतरी हवं. उपकंत्राटदारानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा नाही. अर्ज मूळ कंपनीचा, तुमच्याकडे त्यांचं अधिकारपत्र. हे पत्र जुन्या तारखेचं असलं की लिपिक हमखास विचारतो, तेव्हा चालू वर्षाचं घ्या. निव्वळ केबल टीव्ही चालवणाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे: १९९५ चा केबल टीव्ही नियमन कायदा, त्यातलं ४-ब कलम. टीव्हीच्या नोंदणीवर इंटरनेटची फायबर टाकायला गेलात तर अडचणीत याल.

पाणी, वीज, गॅस यांना हे नियम लागू नाहीत. वीज खातं हे गोव्यात सरकारी खातंच आहे, कंपनी नाही, त्यामुळे त्यांच्या केबलसाठीचा पत्रव्यवहार खात्याखात्यांत होतो. घरगुती गॅसच्या पाइपांसाठी उत्तरेत गोवा नॅचरल गॅस आणि दक्षिणेत इंडियन ऑइल-अदानी गॅस या कंपन्या अधिकृत आहेत. घरमालकानं नळजोडणीसाठी रस्ता कापायचा असेल तर पालिकेचा किंवा साबांखाचा नेहमीचा खोदाईचा अर्ज आणि त्यांचे दर, एवढंच.

दूरसंचार नियमांनी तुम्हाला तीन गोष्टी दिल्या आहेत. सार्वजनिक संस्थेनं नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. भूमिगत केबलसाठी प्रशासकीय खर्च आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च यांपलीकडे मनाला येईल ते शुल्क लावता येत नाही. आणि मुदतीत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं मानलं जातं. २०१६ च्या नियमांत ही मुदत साठ दिवसांची होती. नव्या नियमांतली मुदत अर्ज देण्याआधी नीट वाचून तारीख वहीत मांडून ठेवा.

मानीव मंजुरीबद्दल माझं मत विचाराल तर ती खिशात असू द्या, पण तिच्या जोरावर फावडं मारू नका. रस्त्यावर पोलीस, पंच आणि दहा गावकरी जमले की तिथं नियमाचा आकडा चालत नाही, सही-शिक्क्याचं पत्र चालतं. मुदत उलटली की मुख्याधिकाऱ्यांना स्मरणपत्र द्या, त्यात नियमाचा उल्लेख करा, प्रत नगरपालिका प्रशासन संचालनालयाला आणि माहिती तंत्रज्ञान खात्याला पाठवा. गोव्याचं टेलिकॉम पायाभूत सुविधा धोरण २०२० मध्ये आलं आणि ते या खात्याचं आहे. बहुतेक वेळा एवढ्यानं पत्र निघतं.

तिसरी पायरी: खाली काय आहे?

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात महागात पडते. केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ मध्ये आलं. खोदाई करणाऱ्यानं जागा आणि तारखा टाकायच्या, मग त्या भागात ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्यांना सूचना जाते आणि ते तुम्हाला कळवतात. खोदाईपूर्वी अशी सूचना देणं बंधनकारक आहे. दिलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट फाईलमध्ये ठेवा. उद्या केबल तुटली तर पहिला प्रश्न हाच येईल.

पण ॲपवर नोंदलेलं तेवढंच दिसतं. गावातली चाळीस वर्षांपूर्वीची पाण्याची वाहिनी कुणी नोंदवलेली नसते. ती माहीत असते पाणी सोडणाऱ्या कामगाराला. त्याला सकाळी गाठा, बरोबर चाला आणि तो बोट दाखवेल तिथं चुन्यानं खूण करा. वीज खात्याचा लाइनमन आणि मलनिस्सारणाचा पर्यवेक्षक यांच्याबरोबरही असंच. नंतर शंकेच्या प्रत्येक जागी हातानं चाचणी खड्डा घ्या. मोठ्या कामाला जमिनीत लहरी सोडून बघणारा रडार सर्व्हे करतात, पण आपल्याकडच्या ओल्या, चिकण जमिनीत तो फसतो. चाचणी खड्ड्याला पर्याय नाही.

मोठी वाहिनी फुटली की काय होतं ते गोव्यानं पाहिलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपारजवळ दरड कोसळून ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि पणजीसह तिसवाडीला कित्येक दिवस पाण्यासाठी टँकरच्या मागं धावावं लागलं. तुमची फायबर ओपा, साळावली किंवा अस्नोड्याच्या मुख्य वाहिनीच्या आसपास जात असेल, तर पाणीपुरवठ्याचा अभियंता जागेवर उभा असल्याशिवाय काम सुरू करू नका. कागदावर ना हरकत आहे म्हणून भागत नाही.

खोलीचे आकडे पाठ असावेत. भारतीय मानकाप्रमाणे कमी दाबाची वीज केबल साधारण पाऊण मीटर आणि अकरा केव्हीची ०.९ मीटर खाली असते. त्यावर विटा किंवा फरशा आणि वर इशाऱ्याची पट्टी असायला हवी. 'असायला हवी' एवढंच म्हणतो. बीएसएनएलच्या नेहमीच्या मापात फायबरचा चर १.६५ मीटर खोल. जांभ्याच्या कातळात एवढं खोल जाणं म्हणजे ब्रेकरचं भाडं आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. अशा ठिकाणी कमी खोलीवर जीआय पाइप किंवा काँक्रीटचं कवच देऊन नेता येतं, पण ती सवलत परवानगीपत्रात लिहून घ्यायची, तोंडी नाही.

सखल भागात उलटा त्रास. खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या) जमिनीच्या कडेचे रस्ते, पणजीचा पाटो, कांपाल, सांतिनेजचा नाला, रायबंदरकडे जाणारा सतराव्या शतकातला बांधरस्ता, इथं दीड हातावर पाणी लागतं आणि चराच्या भिंती ढासळतात. खाजनाचा बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) यांना हात लावायचा नाही, मार्ग वळवायचा. बांध फुटला तर खारं पाणी शेतात जातं आणि मग तुमची गाठ पालिकेशी नाही, अख्ख्या गावाशी पडते.

चौथी पायरी: अर्ज आणि त्याबरोबरचे कागद

टेलिकॉमचे अर्ज गतिशक्ती संचार या केंद्रीय पोर्टलवरून जातात. पोर्टलवर टाकलं म्हणजे संपलं असं मात्र समजू नका. त्याची छापील प्रत स्थानिक कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्या, नाहीतर पोर्टलवर तुमचा अर्ज पडून राहतो आणि कार्यालयात त्याचा कुणाला पत्ता नसतो.

बरोबर लागतं ते असं: परवाना किंवा नोंदणीची प्रत, अधिकारपत्र, सर्व्हे किंवा चलता नंबरांची यादी, मार्गाचा नकाशा, रस्त्याचा आडवा छेद, कामाची पद्धत, कामाचा कालावधी, वाहतूक वळवण्याचा आराखडा, नुकसान भरून देण्याचं हमीपत्र. आडव्या छेदावर जीव ओता. रस्त्याची रुंदी, गटार, फुटपाथ, विजेचे खांब, अस्तित्वातल्या वाहिन्या आणि तुमचा चर, प्रत्येक अंतर मीटरमध्ये. कुठली वाहिनी रस्त्याच्या कुठल्या भागात असावी यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ९८ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. 'आयआरसी-९८ प्रमाणे' एवढे शब्द नकाशावर असले आणि नकाशाही खरंच तसा असला, तर अभियंत्याचे अर्धे प्रश्न कमी होतात.

पद्धत स्पष्ट लिहा. उघडा चर कुठं, आडवं यंत्रानं भोक पाडून पाइप ओढणार कुठं. हॉटमिक्स केलेल्या रस्त्याच्या मध्यातून उघडा चर आता सहसा मिळत नाही. रस्ता ओलांडायचा तर ड्रिलिंग. पण ड्रिलिंग म्हणजे निर्धोक नव्हे. यंत्राचं टोक मलवाहिनीच्या आरपार गेलं तर वर काहीच कळत नाही. तुमचा डक्ट मलवाहिनीच्या पोटातून जातो, काम पूर्ण होतं, बिल निघतं आणि काही महिन्यांनी एखाद्या घरात घाण उलटी येते. पणजीसारख्या शहरात प्रत्येक मॅनहोलचं झाकण काढून तळाची खोली मोजा आणि ड्रिलचा मार्ग त्याच्या खालून ठेवा. शिवाय यंत्रात वापरतात ते बेंटोनाइट (चिकणमातीचा पातळ गाळ) वाळूच्या जमिनीत भेगांतून वर येतं आणि गटारात उतरतं. ते उचलायला टँकर तयार ठेवा.

काही जागांना जादा कागद. किनाऱ्यावर आणि नदीकाठी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. खारफुटीला धक्का लागणार असेल तर ती वाटच सोडा. मोले, अनमोडकडे वन खातं. जुन्या गोव्यात संरक्षित चर्चच्या आसपास पुरातत्त्व सर्वेक्षणाचं शंभर आणि दोनशे मीटरचं अंतर असतं. सार्वजनिक सुविधांच्या कामांना कायद्यात वेगळी वागणूक आहे, तरी चर घ्यायच्या आधी त्यांना लेखी विचारा. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांची मुळं तोडायची झाली तर १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. मूळ दिसलं की चर वळवा, हा सोपा उपाय.

आता नेहमीचा घोळ. पंचायत सचिव सांगतो, "पहिलं साबांखाचं ना हरकत आणा." साबांखात सांगतात, "पंचायतीचा दाखला कुठं आहे?" या फेऱ्यात आठवडे जातात. त्यावर तोड एकच. सगळ्या कार्यालयांत एकाच दिवशी अर्ज द्या, प्रत्येक अर्जात बाकीच्यांचे आवक क्रमांक लिहा आणि प्रत्येकाला उरलेल्यांच्या आवक प्रती जोडा. मग प्रत्येकजण 'इतरांच्या मंजुरीच्या अधीन राहून' असं लिहून पत्र देऊ शकतो. ही ओळ त्यांना सुचवायला लाजू नका. अभियंत्यांनाही ती सोयीची वाटते.

पंचायतीत अर्ज देण्याआधी सरपंचांना आणि त्या प्रभागाच्या पंचांना भेटा, नकाशा दाखवा. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते आणि तिथं टॉवर, केबल, रस्ता असे विषय तापतात. लोकांना तुमचं काम ग्रामसभेत पहिल्यांदा कळलं तर विरोध ठरलेला. केबल म्हणजे टॉवर नव्हे, हे शांतपणे आणि कोकणीत सांगणारा माणूस बरोबर असला तर उत्तम.

पाचवी पायरी: पैसे

प्रशासकीय शुल्क छोटं असतं. २०१६ च्या नियमांत भूमिगत केबलसाठी किलोमीटरला एक हजार रुपयांची कमाल मर्यादा होती. जड असतो तो रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. त्याचे दोन मार्ग: एक तर ते पैसे भरा आणि दुरुस्ती संस्था करील, किंवा दुरुस्ती तुम्ही करायची आणि तोवर बँक हमी किंवा अनामत ठेवायची.

छोट्या लांबीला पैसे भरून मोकळं व्हावं. लांब मार्गाला दुरुस्ती स्वतःकडे घ्यावी, पण तुमच्याकडे हॉटमिक्सवाला नक्की असेल तरच. अंदाजपत्रक हातात आलं की पृष्ठभागाचा प्रकार तपासा. कच्ची कड, पेव्हर, डांबर, काँक्रीट यांचे दर वेगळे असतात आणि कडेच्या मातीतून जाणाऱ्या चराला डांबराचा दर लागलेला असतो. तुमचा आडवा छेद मीटरमध्ये असेल तर हे बोलून दुरुस्त करता येतं. पैसे नेहमी चलनानं किंवा ऑनलाइन भरा आणि पावतीवर मार्गाचं नाव लिहून घ्या.

नुकत्याच केलेल्या रस्त्याची चौकशी करा. तो अजून कंत्राटदाराच्या दोषदायित्वाच्या काळात (बिघडला तर त्यानंच दुरुस्त करायचा त्या काळात) असेल तर खातं सहसा कापू देत नाही, कारण मग पुढच्या खड्ड्याची जबाबदारी तो तुमच्यावर ढकलतो. उलट, एखाद्या रस्त्याचं हॉटमिक्सिंग होणार आहे असं कळलं तर आधीच रिकामे डक्ट टाकून घ्या. ही बातमी पालिकेच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत सापडते.

खांबावरून नेण्याचा स्वस्त मार्ग सगळ्यांना आठवतो. विजेचा खांब वीज खात्याचा आहे. त्याला केबल बांधायला त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. विनापरवाना केबल कापण्याची मोहीम खात्यानं राबवली आहे आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. सकाळी गिऱ्हाइकांचे फोन यायला लागल्यावर पावती शोधण्यापेक्षा आधीच खांबांची क्रमांकवार यादी मंजूर करून घ्या.

सहावी पायरी: कधी खोदायचं

पावसाळ्यात खोदाई बंद. दरवर्षी तारखांचं परिपत्रक निघतं, पण मे महिन्यापासूनच अभियंते हात आखडता घेतात आणि पाऊस ओसरून हॉटमिक्स प्लांट सुरू होईपर्यंत दुरुस्तीही होत नाही. म्हणजे हाताशी खरे महिने नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फी, तीन डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, मग नाताळ-नवीन वर्षाची किनारपट्टीवरची गर्दी, फेब्रुवारी-मार्चात कार्निव्हल आणि शिगमोच्या मिरवणुका, शिवाय प्रत्येक गावची जत्रा. चतुर्थीच्या आधी गावात चर उघडा ठेवणाऱ्याला तर कुणीच माफ करत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठका थांबतात. हे सगळं वजा करून कॅलेंडर मांडा. अर्ज पावसातच द्या, म्हणजे दिवाळीनंतर पत्र हातात असेल.

सातवी पायरी: खोदताना

वाहतूक पोलिसांचं पत्र आणि परवानगीची प्रत जागेवर हवी, कार्यालयात नको. फलकावर कामाचं नाव, परवानगी क्रमांक, मुदत आणि उचलला जाईल असा फोन नंबर. चमकणाऱ्या पट्टीचे बॅरिकेड आणि रात्री दिवा. जानेवारी २०२४ मध्ये रायबंदरला स्मार्ट सिटीसाठी खणलेल्या खड्ड्यात दुचाकी पडून एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून या बाबतीत कुणी ढिलाई खपवून घेत नाही आणि घेऊही नये.

संध्याकाळपर्यंत भरता येईल तेवढाच चर सकाळी उघडा. दुसऱ्या वाहिनीच्या मीटरभर अंतरात जेसीबी नाही, हातानं खोदायचं. डक्टखाली आणि वर बारीक माती किंवा वाळू, त्यावर इशाऱ्याची पट्टी, मग पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर पाणी मारून, यंत्रानं ठोकत. निघालेले जांभ्याचे मोठे डबर परत चरात ढकलायचे नाहीत. त्यांच्यामध्ये पोकळी राहते आणि पहिल्या जोरदार पावसात तांबडी माती वाहून जाऊन रस्ता बसतो. गोव्यात केबलच्या चरांचे जे खड्डे जूनमध्ये दिसतात ते बहुतेक या एका आळसाचे.

रोज तीनदा फोटो काढा: खोदण्याआधीचा, डक्ट दिसतो तेव्हाचा आणि भरल्यानंतरचा. प्रत्येक फोटोत टेप आणि तारीख. खोदण्याआधीचा फोटो सगळ्यात मोलाचा, कारण आधीपासून तुटलेलं गटार आणि फुटलेले पेव्हर नंतर तुमच्या नावावर जमा होतात.

काही तुटलंच तर लपवून माती लोटू नका. पाण्याची वाहिनी असेल तर पाणीपुरवठ्याला, केबल असेल तर मालकाला लगेच फोन आणि त्याच दिवशी लेखी. गॅसचा वास आला तर यंत्र बंद, माणसं दूर, आणि कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन. तो क्रमांक सकाळीच पर्यवेक्षकाच्या मोबाइलमध्ये असायला हवा.

आठवी पायरी: अनामत परत

काम संपलं की बहुतेक लोक पुढच्या कामाला लागतात आणि अनामत सरकारी खात्यात वर्षानुवर्षं पडून राहते. ती मिळवायची तर पूर्तता पत्र द्या. त्याबरोबर केबल प्रत्यक्ष जिथून गेली तिचा नकाशा, खोली आणि चेंबरच्या जागांसह. मंजूर नकाशापेक्षा मार्ग हलला असेल तर तसं लिहा. कनिष्ठ अभियंत्याबरोबर संयुक्त पाहणी करा आणि पाहणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. मग एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो आणि त्यानंतर दुसरी पाहणी होते. बसलेला चर ऑक्टोबरमध्ये पुन्हा भरून द्यायची तयारी ठेवा.

बँक हमीची मुदत मात्र कामाच्या तारखेवरून न ठरवता या दुसऱ्या पाहणीच्या तारखेवरून ठरवा. पावसाळ्यातच हमी संपली तर खातं एक तर ती वटवतं किंवा तुमची पुढची फाईल थांबवतं. दुसऱ्या पाहणीनंतर लेखा विभागात मूळ चलन, पाहणी अहवाल आणि परतीचा अर्ज एकत्र द्यायचा. चलनाची झेरॉक्स चालत नाही, मूळ प्रत जपून ठेवा.